पुढं तोंड केलेले पंखे

पहिल्यांदा त्या बोटीखाली वाकून पाहिलं तेव्हा मला वाटलं, लातूरच्या शेठच्या गळ्यात कुणीतरी उलटी बोट मारली. बोट अजून ट्रेलरवरच होती, काठावरच्या बाभळीखाली. आमच्या जुन्या बोटींना मोटर मागं टांगलेली असते. पंखा सगळ्यात शेवटी, तो पाणी मागं ढकलतो आणि बोट पुढं जाते. शेंबड्या पोरालाही कळतं. या बोटीची मोटर दिसतच नव्हती, ती आत पोटात होती. पोटाखालून, मागच्या कडेच्या चांगलं आत, एक जाड पाय खाली उतरला होता आणि त्या पायाला एकामागं एक असे दोन पंखे. दोन्हीची तोंडं पुढं.

"हे वो काय? उलटं बसवलं काय कुणी?" मी आमच्या ह्यांना विचारलं.

"उलटं न्हाई. ही बोट ढकलत न्हाई, ओढते," हे म्हणाले. "पाणी पुढून घेते."

सांगताना ह्यांनी पंख्याला बोटही लावलं नाही. हात पाठीमागं बांधून उभे होते, घरात साप निघाल्यावर माणूस दाराशी उभा राहतो तसे.

नांदेडच्या वरच्या अंगाला, गोदावरीच्या धरणाचा फुगवटा आहे तिथं, आमचं बोटिंग चालतं. आमचं म्हणजे बोटी शेठच्या आणि राबणं आमचं. हे बोट चालवतात. मी तिकिटं फाडते, लोकांना जाकिटं घालते आणि बोटीत उभं राहून सेल्फी काढणाऱ्यांना शिव्या घालते. माझं माहेर लोह्याकडचं. तिकडं पाणी म्हणजे विहिरीत वाकून बघायची गोष्ट. मला पोहता येत नाही. इतकी वर्षं पाण्याच्या काठावर काढूनही येत नाही, आणि हे ऐकून जो हसतो त्याचं जाकीट मी मुद्दाम घट्ट बांधते.

ह्यांच्या डाव्या पायाला बोटं नाहीत. आमच्या लग्नाच्या आधीची गोष्ट. हे पाण्यातून बोटीवर चढत होते, मागून, मोटरीच्या बाजूनं. चालवणाऱ्याला वाटलं गिअर सुटलाय. सुटला नव्हता, पंखा फिरतच होता. मला स्थळ आलं तेव्हा हे सगळं सांगूनच आलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि रोज सकाळी बुटाच्या टोकात चिंध्या कोंबताना बघणं वेगळं. घरातसुद्धा हे पायमोजा काढत नाहीत. पोरगी मोठी झाल्यापासून तर नाहीच.

त्या दिवसापासून ह्यांचा पाण्यावर एकच कायदा. पडलेला माणूस नाकाकडूनच वर घ्यायचा. नाक म्हणजे बोटीचं पुढचं टोक. बोट वळवायची, नाक माणसाकडं करायचं, गिअर सोडायचा, नाकाला बांधलेला दोर त्याच्या हातात द्यायचा. मागच्या बाजूला कुणी नुसता हात लावला तरी हे असे ओरडतात की काठावरच्या म्हशी माना वर करतात. आमच्या पोरीला पाण्यात सोडलं तेव्हा हातपाय मारायला शिकवायच्या आधी ह्यांनी तिला "नाकाकडं ये" शिकवलं. ती चिमुरडी पाण्यात पडली की डोळे मिटून नाकाकडं यायची. लोकांना कौतुक वाटायचं. मलाही वाटायचं.

आता ती पोरगी बावीस वर्षांची आहे आणि शहरातल्या तलावावर मुलींना पोहायला शिकवते. खांदे ह्यांच्यासारखे रुंद. नातलग बायका म्हणतात, पोरीचे खांदे पुरुषासारखे दिसून राहिले, स्थळ कसं यायचं. मी म्हणते, तुमच्या घरी नळाची घागर उचलायला नाही पाठवायची तिला, निवांत राहा.

तर ही बोट. शेठची लातूरला दालमिल आहे. नळाची वाट बघत वाढलेला माणूस, पाण्याचं वेड लागलं की किती लागावं याला हद्द नाही. गोव्याकडं कुठंतरी त्यांनी पाहिलं की बोटीच्या मागं उठणाऱ्या लाटेवर माणूस फळी घेऊन उभा राहतो. सुरुवातीला दोर धरतो, मग दोर सोडून देतो आणि नुसता लाटेवर चालतो. बोटीपासून किती लांब? तर वरून ताटली हातात देता येईल इतका जवळ. मागं टांगलेली मोटर असेल तर हा खेळ म्हणजे मरण. म्हणून या बोटीचे पंखे पोटाखाली सरकवलेले, तोंडं पुढं. मागं फक्त एक रुंद पाटा, अगदी घरापुढच्या ओट्यासारखा. आम्ही त्याला ओटाच म्हणू लागलो. लाट मोठी उठावी म्हणून बोटीच्या पोटात टाक्या आहेत, त्यात पाणी भरायचं. भरल्यावर ती बाळंतपणाला टेकलेल्या म्हशीसारखी जड होते.

बोटीसोबत गोव्याकडचा एक माणूस शिकवायला आला होता. चार-दोन दिवस राहिला. त्यानं ह्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं, माणूस पडला की त्याच्या बाजूनं पुढं जायचं, इंजिन पूर्ण बंद करायचं, चावी काढायची आणि त्याला मागून ओट्यावर घ्यायचं. नाक त्याच्यावर कधी न्यायचं नाही, कारण पंखे पुढून पाणी ओढतात. हे मान हलवत होते. तो माणूस स्वतः पाण्यात पडायचा आणि हे अगदी बरोबर तसंच करायचे. बाजूनं जायचे, बंद करायचे, चावी हातात घ्यायचे. फक्त तो ओट्यावर चढत असताना हे दुसरीकडं बघायचे.

पूजेच्या दिवशी मला खरं काय ते कळलं. शेठनी नारळ फोडला, बोटीवर विभूतीची तीन बोटं ओढली आणि नाकाला झेंडूचा जाड हार घातला. बोट काठापासून सुटली, थोडी पुढं गेली आणि हार निसटून नाकासमोर पाण्यात पडला. तो बाजूला सरकला नाही. नाकाखाली गेला आणि मागून बाहेर आला तो चुरा होऊन. पाण्यावर पिवळा सडा. काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, शुभ झालं म्हणाले. शेठ हात जोडून "शरणू शरणू" म्हणत होते.

मी ह्यांच्याकडं बघितलं. "बघितलं का?"

"बघितलं."

"तिथं माणूस असता तर?"

"म्हणूनच मागून घ्यायचं," हे म्हणाले. तोंडानं म्हणाले. मला ह्यांच्या तोंडावर विश्वास आहे, ह्यांच्या अंगावर नव्हता त्या दिवशी.

आणि मग शेठनी सांगितलं की लोकांना खेळ दाखवायला आपल्यातलंच कुणीतरी हवं, बाहेरचा माणूस किती दिवस आणायचा. पोरगी तिथंच उभी होती. मी तोंड उघडायच्या आत "मी करते" म्हणून मोकळी.

घरी मी लई तमाशा केला. भांडी आदळली, जेवले नाही, जे जे करायचं ते सगळं केलं. "एका घरात एक पाय गेला ते बस झालं," मी म्हणलं. "तुझ्या पायाला काय झालं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

"माय, यात पंखा मागं नाहीच," ती म्हणाली. "जुन्या बोटीपेक्षा हीच बरी. तूच विचार बाबांना."

मी ह्यांना विचारलं. हे भाकरी मोडत होते. "बोट बरी हाय," म्हणाले. "मी चालवतो ना. माझ्या हातात हाय ना."

मग मी अट घातली. मागं बघायला माणूस लागतोच या खेळात. चालवणाऱ्याची नजर पुढं, तर लाटेवरच्याकडं बघायला एकजण उलटा बसतो, चालवणाऱ्याच्या शेजारी. पडला की ओरडून सांगायचं, हात वर केला की नाही ते सांगायचं. हात वर म्हणजे मी ठीक आहे. म्हणलं, तिथं मी बसणार. पोहता येत नाही तर नाही, डोळे आहेत ना मला. शेठला हसू आलं, पण माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी ते गिळलं.

लोकांसमोर दाखवायच्या आदल्या सकाळी आम्ही तालीम केली. पाणी सपाट होतं, वारा मात्र सुटला होता. काठावर शेठ मोबाईल धरून उभे. बोटीवरच्या कमानीला मोठे भोंगे लावलेले आणि त्यावर गाणी, शेठचा हुकूमच होता की गाण्यांशिवाय मजा नाही. मी ह्यांना म्हणलं बंद करा, हे म्हणाले राहू दे, मालकाची हौस हाय. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. जुनी मोटर चालू आहे की बंद हे आमच्या कानाला कळायचं, डोळे मिटून कळायचं. इथं मोटर पोटात आणि वर गाणी. चालू काय आणि बंद काय, कानाला काही पत्ता नाही.

पोरगी दोर धरून पाण्यात आडवी झाली, बोट निघाली आणि ती फळीवर उभी राहिली. टाक्या भरलेल्या होत्या. मागं लाट उठली, हिरवट, कंबरभर. मी उलटी बसले होते आणि माझी पोरगी माझ्यासमोर, हात लांब केला तर हाताला लागेल अशी, पाण्यावर चालत होती. तिनं दोर सोडला. हसली. मला म्हणाली, "माय, बघ." मी काय दुसरं करत होते. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. छातीत धडधड चालली होती आणि त्या धडधडीतच आनंद झाला. ह्यांना मी सांगितलं, "पोरगी नुसती उडून राहिली हो." हे पुढंच बघत होते. समोर एक आरसा आहे मागचं बघायला. त्या आरशाकडंही हे बघत नव्हते.

मग फळी तिरकी झाली. ती पडली आणि फळी उसळून तिच्या तोंडावर आली. मला आवाज आला नाही, पण डोकं मागं फेकलेलं दिसलं.

"पडली," मी म्हणलं.

ह्यांनी वेग कमी केला. "हात?"

मी बघत राहिले. जाकिटामुळं डोकं पाण्यावर होतं. हात वर नव्हता.

"हात वर केला का?"

"न्हाई."

ह्यांनी बोट वळवली. मी जागेवरूनच मान फिरवून बघत होते. बोट वळत वळत तिच्याकडं आली आणि सरळ झाली तेव्हा नाक तिच्या तोंडावर होतं. थेट तिच्यावर. बाजूनं जायला हवं होतं. मला वाटलं, आता बाजूला घेतील. आता घेतील. घेईनात. ह्यांच्या ओठांकडं बघितलं तर हे पुटपुटत होते, "नाकाकडं ये, नाकाकडं ये." हे भिले आणि अंगानं सवयीचं तेच केलं.

आणि तिकडं पोरीनंही तेच केलं. तोंडातून रक्त येत होतं, शुद्ध अर्धी, समोर बापाची बोट आणि बोटीचं नाक. ती लहानपणी यायची तशी डोळे मिटून नाकाकडं पोहत आली. तिच्या बापाला आणि तिला, दोघांनाही पाण्यात जीव वाचवायचा हाच एक रस्ता माहीत होता, आणि त्या रस्त्याच्या टोकाला दोन पंखे तोंड उघडून बसले होते.

"बाजूला घ्या," मी ओरडले. "अहो, बाजूला घ्या."

ह्यांनी दांडा मध्ये आणला. म्हणजे गिअर सुटला. जुनी बोट तिथल्या तिथं थांबली असती. ही थांबेना. पोटात एवढं पाणी, ती आपल्याच वजनानं सरकत राहिली. नाक उंच आहे या बोटीचं. पोरगी जवळ आली आणि नाकाखाली दिसेनाशी झाली. तिनं दोरासाठी हात वर केलेला मी पाहिला. जुन्या बोटींच्या नाकाला दोर असतो. या बोटीला नाही, तिथं नुसता गुळगुळीत रंग. हात घसरला आणि बोट तिच्यावरून गेली.

ह्यांचा हात दांड्यावर होता. जुन्या बोटीत रिव्हर्स म्हणजे ब्रेक. मला कळलं हे आता काय करणार. बोटीखाली माझी पोरगी होती आणि हे पंखे फिरवणार होते, तिला वाचवायला.

लग्न झाल्यापासून मी ह्यांना अहो-जाहो करते. एकदाही चुकले नाही, रागातसुद्धा नाही. त्या वेळी माझ्या तोंडून निघालं, "अरे बंद कर. बंद कर रे."

ह्यांना ऐकू गेलं नाही. गाणी होती, आणि गाणी नसती तरी ह्यांना ऐकू गेलं नसतं. चालवणाऱ्याच्या मनगटाला एक लाल दोरी अडकवलेली असते, दुसरं टोक चावीजवळच्या बटणात. चालवणारा पाण्यात पडला तर दोरी सुटते आणि इंजिन बंद होतं. मी ती दोरी धरली आणि ओढली, तशी ती बटणातून आणि ह्यांच्या मनगटातून सुटून माझ्या हातात आली. खालून एक खटका बसलेला पायाला जाणवला आणि लगेच बोटीची थरथर थांबली.

वर गाणं चालूच होतं. बोट आपली सरकत होती. मी या बाजूला वाकून बघितलं, त्या बाजूला वाकून बघितलं. नुसतं पाणी. मला तेव्हा काय वाटलं ते सांगायचं तर, मला तो हार दिसला. दुसरं काही नाही, तो पिवळा चुराच डोळ्यांसमोर आला. मी मागं बघायचं टाळलं. माझं कामच मागं बघायचं होतं आणि मला मागं बघवेना.

मागून खोकला ऐकू आला.

पोरगी ओट्याला दोन्ही हातांनी धरून होती. ओठ फाटलेला, केस तोंडावर, जाकीट एका बाजूला ओढलं गेलेलं. खोकत होती. जिवंत होती. पाण्याखालचं अजून काही माहीत नव्हतं, पण डोळे उघडे होते आणि ती माझ्याकडं बघत होती.

आणि हे ओरडले. "मागं नको. सोड ते. सोड. नाकाकडं जा." इंजिन बंद होतं. दोरी माझ्या हातात होती. जगात त्या घटकेला तिच्यासाठी त्या ओट्याइतकी बिनधोक जागा दुसरी नव्हती, आणि बाप तिला तिथून हाकलत होता. हात जोडून हाकलत होता.

तिनं हात सोडले. बापानं सांगितलं म्हणून सोडले. बावीस वर्षांची, शंभर पोरींना पोहणं शिकवणारी माझी लेक, बापाचा आवाज ऐकून गुमान मागं सरकली आणि वाऱ्यानं बोट तिच्यापासून लांब जायला लागली. पुन्हा नाकाकडं पोहायचं त्राण तिच्यात नव्हतं. एक हात मारला, दुसरा मारता येईना.

मी सीटवरून मागं उडी टाकली, ओट्यावर पालथी पडले आणि हात लांब केला. वेणी हाताला लागली. वेणीच धरली. "इथंच राहा," मी म्हणलं. "ते काही बोलू दे, तू इथंच राहा. बंद आहे. माझ्या हातात दोरी आहे, हे बघ." मी लाल दोरी तिच्या तोंडासमोर नाचवली. तिनं माझं मनगट धरलं. मला पोहता येत नाही आणि माझं अर्धं अंग पाण्यावर होतं, हे मला काठावर आल्यावर आठवलं. तिला वर कसं घेतलं ते विचारू नका. मी ओढली, ती चढली, दोघी ओट्यावर एकमेकींवर पडलो.

आधी तिचे पाय बघितले. दोन्ही हातांनी चाचपले, घोट्यापासून खाली. नीट होते. मांडीला एक लांब लाल ओरखडा, बास. मग जाकीट बघितलं. कमरेचा जो पट्टा बांधून वर लोंबत राहतो, त्याचं लोंबतं टोक कापलेलं होतं. सुरीनं कापावं तसं, सरळ. म्हणजे तो खटका गिअरचा होता, मी दोरी ओढेपर्यंत ह्यांचा दांडा रिव्हर्सला पडला होता आणि पंखे फिरले होते. एखादाच फेरा.

मी तो पट्टा ह्यांना दाखवला. हे अजून स्टिअरिंग धरून उभे होते. मागं यायचं म्हणजे ओट्याकडं यायचं, आणि ह्यांना तेवढी चार पावलं टाकता येईनात. दुसरी वेळ असती तर मी लाखोली वाहिली असती. ह्यांचा चेहरा बघितला. मी फक्त म्हणलं, "गाणं तरी बंद करा."

काठाला लागलो तर शेठ हसतमुखानं पुढं आले. त्यांना वाटलं खेळच चालला होता. "वैनी, तुमची उडी लई भारी आली," म्हणाले आणि मोबाईल दाखवायला लागले. मग पोरीचा ओठ दिसला आणि त्यांचा रंग उतरला. माणूस वाईट नाही. दवाखान्यात तेच घेऊन गेले, ओठाला टाके पडेपर्यंत बाहेर येरझाऱ्या घालत होते. पण त्या वेळी मी त्यांना जे सुनावलं त्यात बोटीपासून दालमिलपर्यंत काही सुटलं नाही.

घरी आल्यावर हे भिंतीला टेकून बसले. पोरीला मी दूध-भाकरी कालवून दिली, तिला चावता येत नव्हतं. ती दोन घास गिळून म्हणाली, "बाबा, तुम्ही आता ही बोट चालवू नका."

सुजलेल्या ओठातून आलेले शब्द, बोबडे, पण कळले सगळ्यांना.

"तू जन्मायच्या आधीपासून पाण्यावर हाय मी," हे म्हणाले.

"हाव. म्हणूनच म्हणते."

मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि तिला जवळही घ्यावंसं वाटलं. एका वेळी दोन्ही. बापाला असं तोंडावर बोलतात का? पण खोटं काय बोलली ती? मी ताट उचललं आणि आत गेले. हे तसेच भिंतीला टेकून बसलेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

शेठनी कार्यक्रम पुढं ढकलला. ओठाचे टाके निघाले तरी हे त्या बोटीकडं फिरकले नव्हते, जुनीच चालवत होते. मग एका सकाळी आम्ही दोघी काठावर पोचलो तर हे नव्या बोटीजवळ उभे. पायात बूट नाही. पायमोजाही नाही. पोरीनं ह्यांचा तो पाय इतक्या उजेडात पहिल्यांदाच पाहिला असेल. तिनं पटकन दुसरीकडं बघितलं.

"चावी घे," हे तिला म्हणाले. "मला मधी सोड. मागून चढतो."

मी म्हणलं, "काही गरज हाय का?"

"हाय."

पोरीनं चालवली. ती चालवायला कधी शिकली ते मला माहीत नाही, गोव्याच्या माणसाच्या मागं मागं असायची तेव्हाच बघून घेतलं असेल. मी माझ्या जागेवर, उलटी. मधोमध गेल्यावर हे जाकीट घालून पाण्यात उतरले. तिनं बोट लांब नेली, वळवली, ह्यांच्या बाजूनं पुढं आणली, सरळ. इंजिन बंद केलं. चावी काढली आणि हात वर करून ह्यांना दाखवली.

हे निघाले. चार हात मारले आणि बघते तर नाकाकडं निघालेले.

"बाबा, मागून," ती म्हणाली.

हे थांबले. "बंद हाय?"

"बंद हाय. ही बघा चावी."

वळले, ओट्याकडं आले. हात ओट्याला लागला आणि चटका बसल्यासारखा मागं गेला. पाण्यातच उभे राहिल्यासारखे तरंगत राहिले. दात वाजताना ऐकू येत होते, पाणी काही इतकं गार नव्हतं.

"बंद हाय का?"

"बंद हाय, बाबा."

मी सीटचा कोपरा घट्ट धरून बसले होते. मला म्हणायचं होतं, राहू द्या, काठाला चला, झालं तेवढं बास. ह्यांनी पुन्हा हात घातला. या वेळी ठेवला. दुसरा ठेवला. मग अंग वर घेतलं आणि तो डावा पाय, बोटं नसलेला, ओट्यावर टेकला. हे तिथं गुडघ्यांवर बसून राहिले, पाणी गळत होतं, खांदे हलत होते. मी ह्यांना रडताना लग्नानंतर एकदाही पाहिलं नव्हतं. टॉवेल दिला आणि मुद्दाम काठाकडं बघत बसले.

बऱ्याच वेळानं हे वर आले आणि माझ्या शेजारी बसले.

"बोटीत काही खोट न्हाई," पोरीला म्हणाले. "पण मी भिलो की हात जुनंच करतात. आता तूच चालव."

मी वाट बघत होते की ती म्हणेल, न्हाई बाबा, तुम्हीच चालवा, मी आपलं बोलून गेले. पोरी म्हणतात असं. बापाचं मन राखायला तरी म्हणतात. ती म्हणाली नाही. लाल दोरी स्वतःच्या मनगटाला अडकवली, चावी लावली आणि मागं न वळता मला विचारलं, "माय, बाबा नीट बसले का?"

"बसले," मी म्हणलं.